वज्रेश्वरीच्या वाटेवर ग्रीक पुराणे

ग्रीक पुराणांत माणसाचे आयुष्य म्हणजे सुताचा धागा. तो तीन बहिणींच्या हातात असतो. क्लोथो तो कातते, लाखेसिस ज्याच्या त्याच्या वाट्याची लांबी ठरवते आणि आत्रोपोस तो तोडते. या तिघींना मोइराय म्हणतात. ‘मोइरा’ म्हणजे वाटा, हिस्सा. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात त्यांना विश्वाच्या चातीभोवती बसवले आहे. एक झालेले गाते, दुसरी चालू असलेले, तिसरी होणारे. देवांचा राजा झ्यूस याचेही त्यांच्यापुढे फारसे चालत नाही. ‘इलियड’मध्ये त्याचा स्वतःचा मुलगा सार्पेडोन रणात मरायला टेकतो. त्याला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते, पण त्याची राणी हेरा अडवते आणि तो मुलाला मरू देतो.

हा धागा डोळ्यांपुढे आणायचा तर कामवारी नदीकाठच्या भिवंडीत यावे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकर कुटुंबे येथे हातमाग घेऊन आली. विसाव्या शतकात हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरही येऊन राहिले. शहरातले पद्मानगर त्यांच्या वस्तीचे. गल्लीत शिरण्याआधीच मागांचा आवाज कानांवर येतो. एका कारखान्याच्या दारात मी थोडा वेळ उभा होतो. ताण्यातला एक धागा तुटला. कामगाराने माग थांबवला, हजारो धाग्यांतून तुटलेली दोन टोके अचूक शोधली, बोटांवर फिरवून गाठ मारली आणि माग पुन्हा सुरू केला. अर्ध्या मिनिटाचे काम. ग्रीकांच्या आत्रोपोसला हे मान्य नाही. तिच्या नावाचाच अर्थ ‘जी मागे वळवता येत नाही ती’ असा आहे.

विणकरांची स्वतःचीही पुराणे आहेत. पद्मशाली स्वतःला मार्कंडेय ऋषींचे वंशज मानतात. मार्कंडेयांचा पुत्र भावना ऋषी याने कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी पहिले वस्त्र विणले, अशी त्यांची कथा. मोमीनांमध्ये विणकामाचा उगम आदमपुत्र हजरत शीस यांच्याकडे नेणारी परंपरा आहे. या दोन्ही कथा कारागिराला मान देतात: हा धंदा पोटासाठी पत्करलेला नाही, तो ऋषीने किंवा पैगंबराने हाती दिलेला आहे. ग्रीकांकडे विणकामाची देवता अथेना. पण तिथली गाजलेली कथा शिक्षेची आहे. लिडियातल्या अराख्नी नावाच्या मुलीने अथेनेशी विणण्याची पैज लावली. रोमन कवी ओव्हिड ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या सर्गात सांगतो की तिच्या कापडात अथेनेलाही खोट सापडली नाही, आणि म्हणूनच देवीने ते फाडून तिला कोळी करून टाकले. मला यात विणकरणीपेक्षा तिच्या कलेला भिणाऱ्या उच्चवर्गाचा आवाज जास्त ऐकू येतो. कथा माग चालवणाऱ्याने रचली की माग चालवणाऱ्याकडे बघणाऱ्याने, याने तिचा शेवट बदलतो.

नियती विणण्याची कल्पना भारतातही जुनी आहे. ऋग्वेदात उषा आणि रात्र या विणकरणी आहेत. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वात, उत्तंक नावाचा शिष्य गुरुपत्नीसाठी मागून आणलेली कुंडले शोधत नागलोकात उतरतो. तिथे त्याला दोन स्त्रिया मागावर बसलेल्या दिसतात. त्यांचे धागे काळे आणि पांढरे. सहा कुमार एक चाक फिरवत असतात. गुरू नंतर उलगडा करतात: त्या धाता आणि विधाता, धागे म्हणजे रात्र आणि दिवस, चाक म्हणजे वर्ष, सहा कुमार म्हणजे ऋतू. मोइरायशी हे चित्र जवळचे वाटते, पण फरक मोठा आहे. मोइराय एकेका माणसाचा धागा कातत बसतात. नागलोकातल्या स्त्रिया कोणा एकाचे आयुष्य विणत नाहीत. त्या काळच विणतात आणि त्यात सगळे येतात.

एकेका माणसाचे नशीब ठरवणारी बाई मराठी घरात वेगळी आहे. ती सटवाई. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. त्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, दिवा तेवत ठेवतात, कित्येक घरांत कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. भिवंडी-शहापूरकडच्या खेड्यांत आणि मुंबईच्या चाळींत ही पाचवी आजही होते. तिच्या शेजारी मेलेआग्रोसची ग्रीक कथा ठेवावी. तो सात दिवसांचा झाला तेव्हा मोइराय आल्या आणि म्हणाल्या, चुलीतले हे लाकूड जळून संपले की हा मरेल. आईने लाकूड झटकन बाहेर काढले, विझवले आणि पेटीत जपून ठेवले. मूल वाढले, शूर झाले. पुढे त्याने आईच्याच भावांना मारले, तेव्हा आईने रागाच्या भरात ते लाकूड पुन्हा आगीत टाकले. जन्मानंतरची ठरावीक रात्र, येणारी बाई, ऐकणारी आई, जवळची आग किंवा दिवा: दोन्हीकडची मांडणी इतकी सारखी आहे की एकाने दुसऱ्याकडून उचलली असे म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. बाळंतिणीच्या खोलीतला पहिला आठवडा सगळ्या जुन्या जगात जीवघेणा होता. नवजात धनुर्वाताने मुले साधारण याच दिवसांत जात. ज्या रात्री बाळ राहील की जाईल हे ठरे, त्या रात्री नशीब लिहिणारी येते, हे दोन समाजांना आपापले सुचू शकते.

सटवाईची एक कथा मात्र याहून पुढे जाते. इरावती कर्वे यांनी ती १९५० मध्ये ‘मॅन’ या मानववंशशास्त्राच्या इंग्रजी नियतकालिकात ‘इडिपस कथेचे मराठी रूप’ अशा अर्थाच्या मथळ्याने छापली. सटवाईची मुलगी आईला विचारते, तू रोज रात्री कुठे जातेस? कपाळे लिहायला, आई सांगते. मग माझ्या कपाळी काय लिहिलेस? आई आधी टाळते, पण शेवटी सांगते की तू आपल्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी घाबरून रानात जाऊन एकटी राहते. पुरुषाचे तोंड बघायचे नाही असे ठरवते. तरी तिला दिवस राहतात, मूल होते. ते ती आपल्या वस्त्रात गुंडाळून टाकून देते आणि दुसऱ्या घरी ते वाढते. वर्षे जातात, लग्न होते, आणि एके दिवशी सासरी तिला ते वस्त्र दिसते. ती सगळे ओळखते.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात या क्षणानंतर आई गळफास घेते आणि तिचा मुलगा व नवरा असलेला इडिपस स्वतःचे डोळे फोडतो. मराठी कथेत मुलगी गप्प राहते आणि संसार करते. दोन कथांतला खरा फरक इथे आहे. ग्रीक कथा मुलाच्या बाजूने सांगितली आहे: राजा, बाप, खून, रोगराईने पोळलेले नगर आणि सत्य चव्हाट्यावर आणण्याचा हट्ट. मराठी कथा बाईच्या बाजूने सांगितली आहे. तिच्यात बापाचा खून नाही, नगर नाही. जे कपाळी आहे ते टळत नाही हे कळल्यावर त्याच्यासह जगायचे, एवढेच तिच्यात आहे. ही कथा बायकांनी बायकांना सांगितली, म्हणून तिची नायिका आई आहे. दोन मिथकांची तुलना करताना सारखेपणा मोजून थांबणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

भिवंडीहून नाशिक महामार्गाला लागले की दोन्ही बाजूंना गोदामांच्या रांगा. सोनाळ्याकडून आत वळल्यावर लोनाड येते. येथे टेकडीच्या पोटात इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातले बौद्ध लेणे आहे. आज ते खंडेश्वरीचे लेणे म्हणून ओळखले जाते, कारण आत देवी आहे. भिक्षूंच्या जागी देवी ही महाराष्ट्रात ठायी ठायी दिसणारी गोष्ट. कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात जुन्या वाटा, लेणी आणि मातृदेवता यांचा संबंध पायी हिंडून मांडला. देव्यांची ठाणी बहुधा लेण्यांआधीपासूनच वाटांच्या तिठ्यांवर होती, भिक्षू तिथे आले आणि गेले, असा त्यांचा कयास होता.

लोनाडजवळच्या चौधरपाड्यात एक उभी शिळा आहे. शिलाहार राजा दुसरा केशिदेव याच्या दानाचा हा लेख, शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२३९-४० चा. अशा शिळांना गद्धेगाळ म्हणतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि स्त्री यांचे संकराचे चित्र. दिलेली जमीन जो हिरावेल त्याच्या आईला ही गाळ, म्हणजे शिवी. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही चित्र वाचता येत होते, आणि चित्रातली धमकी घराच्या अब्रूवर होती. सूर्य-चंद्र आहेत तोवर दान टिकेल, हा वरच्या खुणांचा अर्थ.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या टिओस या ग्रीक नगराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात असेच शाप दगडावर कोरले होते. नगराला विष देणारा, बाहेरून येणारे धान्य अडवणारा, सत्ता बळकावणारा नष्ट होवो, तो आणि त्याचे कूळ. शेवटचा शाप शिळेसाठीच आहे: जो हा दगड फोडेल, अक्षरे खोडेल, त्याचेही तेच होवो. अधिकाऱ्यांनी ठरलेल्या सणांना हे शाप लोकांसमोर मोठ्याने म्हणायचे असत, आणि जो म्हणणार नाही तोही शापाचा धनी. सूर्याला साक्षी ठेवणेही ग्रीकांना ठाऊक होते. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात आगामेम्नोन शपथ घेताना झ्यूस, सूर्य, नद्या आणि पृथ्वी यांना हाक मारतो. टिओसचा शाप सबंध नगराच्या वतीने उच्चारलेला आहे. चौधरपाड्याचा शाप राजाचा आहे, आणि त्याचा भार एका बाईच्या देहावर टाकलेला आहे. गाळेचे चित्र बघताना ही गोष्ट बोचते, आणि ती बोचावीच.

लोनाडहून फार दूर नसलेले कल्याण हे या सगळ्या तुलनेतले इतिहासाचे ठिकाण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत ते ‘कल्लिएना’ म्हणून येते. थोरल्या सरगनस राजाच्या काळात ही अधिकृत बाजारपेठ होती, पण पुढे सत्ता बदलल्यावर चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात लिहिले आहे. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे: भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मेनांडर या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात. घाटावरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे आहेतच. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाचे यवन आहेत. जुन्नरला इरिल, चित आणि चंद यांची दाने आहेत: कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. नाशिकच्या पांडवलेण्यात दत्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त आहे. यांपैकी एकानेही झ्यूसचे किंवा अथेनेचे नाव कोरलेले नाही. देव बदलायला त्यांना अडचण वाटली नाही. विदिशेजवळ गरुडस्तंभ उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवतो, यात त्या काळाला काही विचित्र दिसले नसावे.

पुन्हा वाटेला लागू. अंबाडी नाक्यावरून डावीकडे वळले की वज्रेश्वरी. तानसा नदीच्या खोऱ्यात, वडवली गावात हे मंदिर आहे. देवीचे जुने ठाणे उत्तरेला गुंज येथे होते असे सांगतात. वसई मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि मग हे मंदिर उभे राहिले. किल्ल्यासारखा कोट, नगारखाना, बावन्न पायऱ्या, आणि पायऱ्यांवर कोरलेले कासव. चैत्र अमावास्येच्या सुमारास मोठी यात्रा भरते.

देवीची कथा अशी. वसिष्ठांनी यज्ञ मांडला आणि इंद्राला आहुती दिली नाही. इंद्राने चिडून वज्र फेकले. ऋषी आणि राम देवीला शरण गेले. देवीने ते वज्र गिळले आणि ती वज्रेश्वरी झाली. दुसऱ्या कथेत ती कलिकाल दैत्याचा वध करते.

या कथेत शस्त्राने केलेला प्रवास बघण्यासारखा आहे. ग्रीकांचा झ्यूस आणि वेदांतला द्यौस् हे एकाच शब्दाचे दोन अवतार; ‘द्यौष्पिता’, ‘झ्यूस पातेर’ आणि रोमनांचा ‘जुपिटर’ ही नावे शेजारी ठेवली की नाते कानालाच कळते. ही उसनवारी म्हणता येणार नाही, हा एका आजोबांचा वारसा आहे. पण वारसांनी तो निरनिराळ्या तऱ्हेने वापरला. ग्रीसमध्ये आकाशपित्याने वीज स्वतःकडे ठेवली. सायक्लोप्स नावाच्या तीन एकडोळ्या दैत्यांनी ती त्याला घडवून दिली होती. वेदांत द्यौस् मागे पडला आणि त्वष्ट्याने घडवलेले वज्र इंद्राच्या हाती आले, ज्याने वृत्राला मारून अडवलेले पाणी मोकळे केले. वज्रेश्वरीत इंद्राचेही दिवस सरले आहेत. वज्र देवीच्या पोटात गेले आहे.

ग्रीकांकडेही एका देवीचा हात विजेपर्यंत पोचतो. एस्किलसच्या इसवी सनापूर्वी ४५८ च्या ‘युमेनिडीस’ नाटकात अथेना सांगते की वीज जिथे बंद आहे त्या कोठीच्या किल्ल्यांचा ठाव सगळ्या देवांत तिला एकटीलाच आहे. आणि मेनांडरच्या, म्हणजे ‘मिलिंदपञ्हो’ या बौद्ध ग्रंथातल्या मिलिंद राजाच्या नाण्यांवर हीच अथेना हात उगारून वज्र फेकते आहे. ही त्याच मेनांडरची नाणी, जी भडोचच्या बाजारात चालत होती. म्हणजे वज्र उगारलेली देवी कोकणच्या उत्तरेला दोन हजार वर्षांपूर्वी लोकांच्या हातांतून फिरत होती. म्हणून अथेनाच वज्रेश्वरी झाली असे कुणी म्हणू लागला तर मात्र ते मानू नये. मधल्या दीड हजारांहून अधिक वर्षांत या दोघींना जोडणारा एकही दुवा हाती नाही. देवाणघेवाण झाली तिथे ती दाखवता येते. गांधारच्या शिल्पांत बुद्धाचा रक्षक वज्रपाणी ग्रीक वीर हेराक्लीसचे रूप घेतो, सिंहाचे कातडे आणि पीळदार बाहू यांसकट. तोच वज्रपाणी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रात मुकुट घातलेला राजपुत्र झाला आहे. तिथे पायऱ्या मोजता येतात, इथे येत नाहीत.

मंदिरापासून अकलोली आणि गणेशपुरीपर्यंत तानसेच्या काठाने गरम पाण्याची कुंडे आहेत. कुंडांना सूर्य, चंद्र, राम, लक्ष्मण, सीता अशी नावे. अकलोलीला एका कुंडाच्या काठावर मी बसलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि गंधकाचा वास नाकात भरत होता. पाय एकदम आत घालता येत नाहीत; आधी टाच, मग घोटा, असे सोसत उतरावे लागते. शेजारी गुडघ्यांना पाणी लावत बसलेल्या एका आजींनी सहज सांगितले, “बाबा, हे राक्षसांचं रक्त. देवीनं मारलं, ते अजून ऊन आहे.” कोकणपट्टीत अशी कुंडे उन्हेऱ्यापासून राजापूरपर्यंत आहेत. येथे ज्वालामुखी जिवंत नाही. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला ग्रीक भूगोलकार स्ट्राबो इटलीच्या टाचेवरच्या ल्यूका गावाबद्दल लिहितो की तिथे एक उग्र वासाचा झरा आहे. हेराक्लीसने हाकललेले राक्षस पळत तिथवर आले, पृथ्वीने त्यांना पोटात घेतले, आणि त्यांच्या अंगातून पाझरणारा द्रव त्या झऱ्यातून वाहतो, असे गावकरी सांगत. ग्रीसमधल्या आनिग्रोस नदीला दुर्गंधी येते ती जखमी सेंटॉरांनी (अर्धे माणूस, अर्धे घोडे) तिथे विषारी बाणांचे व्रण धुतले म्हणून, हेही तोच सांगतो. अकलोलीच्या आजींनी स्ट्राबो वाचलेला नाही आणि ल्यूकाच्या गावकऱ्यांना तानसा ठाऊक नव्हती. जमिनीतून ऊन किंवा उग्र वासाचे पाणी येते तेव्हा ते एखाद्या मोठ्या देहातून येत असावे हा विचार दोघांना आपापल्या कुंडाने दिला. झ्यूसच्या विजेचे वारशाने आलेले नाते इथे नाही आणि मेनांडरच्या नाण्यांचा व्यापारही नाही. मिथके सारखी दिसण्याच्या या तीन तऱ्हा एका तालुक्यात, एका दिवसाच्या प्रवासात बघता येतात. त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

कर्वेबाईंनी सटवाईच्या मुलीची कथा कागदावर उतरवली म्हणून ती सोफोक्लीसच्या शेजारी ठेवता आली. दैत्याच्या रक्ताची, गाळेच्या शिळेची, पाचवीच्या रात्रीची कथा प्रत्येक गावात थोडी वेगळी सांगतात, आणि सांगणाऱ्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. वज्रेश्वरीला जाल तेव्हा कुंडाच्या काठावर थोडे थांबा, कथा विचारा आणि ती ऐकली तशीच लिहून ठेवा. खाली गावाचे नाव आणि तारीख घाला.